खेळातली दुखणीखुपणी

मैत्रिणींनो, घरात आठ ते चौदा वर्षांचं मूल असेल तर "आई, थांब ना, माझ्याला विष चढलंय!" किंवा "याला झोप लागली, आता मी हरणार!" अशी वाक्यं तुमच्या कानावर नक्की आली असतील. हातातलं लाटणं टाकून धावत जावं, तर चिरंजीव पलंगावर सुखरूप लोळत पडलेले! विष चढलेलं असतं ते पडद्यावरच्या एखाद्या पोकेमॉनला. मग आपण "डोळे जातील, ऊठ आता" असं म्हणून पुन्हा पोळ्यांकडे वळतो.

आज मात्र पोळ्या आटोपल्यावर पाच मिनिटं बसा. हे विष, ही झोप म्हणजे नेमकं काय, ते आपण समजून घेऊ. कारण मुलाच्या हरण्याजिंकण्याचा आणि रुसण्याफुगण्याचा निम्मा हिशेब तिथंच असतो.

मुळात खेळ काय आहे?

पोकेमॉन हा जपानी खेळ. लहानपणी किडे गोळा करण्याचं वेड असलेल्या सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून तो निघाला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर आला. आपल्याकडची मुलं पिकाचूला ओळखू लागली ती टीव्हीवरच्या मालिकेमुळे, २००३ पासून.

खेळाडूजवळ सहापर्यंत प्राणी असतात आणि प्रत्येक प्राण्याला जास्तीत जास्त चार डाव येतात. झुंज फेऱ्यांची. एका फेरीत दोघांनी आपापली एकेक गोष्ट ठरवायची : वार करायचा, की प्राणी परत बोलावून दुसरा पाठवायचा. प्राण्याच्या प्राणबळाची एक पट्टी असते, मुलं तिला ‘एचपी’ म्हणतात. ती संपली की प्राणी मरत नाही बरं का, नुसता बेशुद्ध पडतो. उपचारकेंद्रात नेलं की एक पैसा न घेता त्याला बरं करून देतात.

नवीन खेळणाऱ्या मुलाला वाटतं, जो जोरात मारील तो जिंकेल. पण या खेळातले कितीतरी डाव कुणाला मारतच नाहीत. ते समोरच्याला आजारी पाडतात, नाहीतर त्याची ताकद उतरवतात. खरी गंमत तिथं आहे.

पाच दुखणी

मुख्य दुखणी पाच. पुढचे आकडे २०२२ साली आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या खेळांतले आहेत. विषबाधा झाली की दर फेरीला पूर्ण प्राणबळाचा १/८ भाग जातो. भाजलं तर १/१६ जातो, शिवाय अंगाने केलेल्या वाराचा जोर निम्मा होतो. लकवा मारला तर वेग निम्मा होतो आणि चारांत एकदा प्राणी जागचा हलतच नाही. झोप लागली तर एक ते तीन फेऱ्या वाया. आणि गोठलं, तर दर फेरीला सुटण्याची शक्यता पाचांत एक.

पूर्वी हे नियम फार कडक होते. १९९६ च्या खेळात झोप सात फेऱ्यांपर्यंत टिके आणि गोठलेला प्राणी आपोआप सुटतच नसे. विष तर झुंज संपल्यावरही चालता चालता, दर चार पावलांना प्राणबळ खाई. ही चालतानाची झीज २०१० च्या खेळापासून बंद झाली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या. एक म्हणजे या पाचांतलं एका वेळी एकच दुखणं लागतं. भाजलेल्या प्राण्याला कुणी झोपवू शकत नाही. दुसरी म्हणजे जातीप्रमाणे काहींना काही दुखणी बाधतच नाहीत. अग्नीच्या जातीचा भाजत नाही, बर्फाच्या जातीचा गोठत नाही, पोलादी जातीला साधं विष चढत नाही.

दुखणं वेगळं, ओसरलेला जोर वेगळा

आता दुसरा प्रकार. ‘ग्राउल’ म्हणजे गुरगुरणं. मांजरीचं पिल्लू गुरगुरलं म्हणून कुणाला लागत नाही, पण समोरच्याचा जोर एक पायरी उतरतो. उलट ‘स्वोर्ड्‌स डान्स’ म्हणजे तलवारीचा नाच. तो केला की आपला जोर दोन पायऱ्या चढतो. जोर, बचाव, वेग यांना अशा सहा पायऱ्या वर आणि सहा पायऱ्या खाली.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मला यातले अपूर्णांक फार आवडले. सुरुवात २/२ नं, म्हणजे पूर्ण एक. चढताना वरचा आकडा वाढवायचा : ३/२, ४/२, असं करत ८/२, म्हणजे चौपट. उतरताना खालचा वाढवायचा : २/३, २/४, असं करत २/८, म्हणजे पाव. सहावीतल्या मुलाला अपूर्णांक कळत नाहीत अशी तक्रार असेल, तर हे त्याला विचारून बघा!

म्हणजे दोनदा गुरगुरलं की जोर निम्मा आणि भाजलं तरी जोर निम्मा. मग फरक काय? फरक मोठा आहे. ओसरलेला जोर हा धास्तीसारखा. प्राण्याला परत बोलावून दुसरा पाठवला की गेला! पुन्हा येतो तो ताजातवाना होऊनच. स्वतःलाच मारून घेणारा ‘गोंधळ’ही असाच निघून जातो. पण भाजणं, विष, लकवा ही खरी दुखणी. बाजूला बसवलं तरी ती तशीच राहतात, औषध लागतंच. कोणतं नुसत्या विसाव्यानं जाईल आणि कोणत्याला उपचार हवा, हे ज्या मुलाला कळलं त्याला अर्धा खेळ कळला.

विषाचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा मामेभावाशी खेळला आणि हरला. भावानं सुरुवातीलाच ‘टॉक्सिक’ नावाचं जहाल विष दिलं आणि मग एक फेरी ढालीआड, एक फेरी किरकोळ वार, असं करत तो नुसती वाट पाहत बसला. आमचे चिरंजीव वारावर वार करत राहिले आणि कोसळले. यंत्र गादीवर फेकून "मी ढच आहे" म्हणून तोंड फिरवून बसला. जेवायलाही उठेना.

रात्री मी वही काढली. म्हटलं, प्राण्याचं बळ १६० धरू. साध्या विषानं दर फेरीला २० जातात, म्हणजे आठ फेऱ्यांत संपला. जहाल विष पहिल्या फेरीला १/१६ घेतं, दुसरीला २/१६, तिसरीला ३/१६. लिही. त्यानं लिहिलं : १०, २०, ३०. तीन फेऱ्यांची बेरीज ६०. साध्या विषाचीही ६०च! चौथ्या फेरीला मात्र इकडे १००, तिकडे ८०. पाचव्या फेरीअखेर इकडे १५०, तिकडे १००. उरले दहा, सहावी फेरी शेवटची.

"म्हणजे पहिल्या फेरीला ते साध्यापेक्षा कमीच लागतं?" तो म्हणाला. "म्हणूनच मला कळलं नाही!" मग त्यानंच सांगितलं, की प्राण्याला परत बोलावलं तर विष जात नाही, पण पुढच्या वेळी मोजणी पुन्हा १/१६ पासून सुरू होते. चढती शिडी मोडते. तेव्हा तिसऱ्या फेरीलाच बोलवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हरला, पण शेवटच्या प्राण्यापर्यंत लढून. यंत्र फेकलं नाही, वही मागितली. "मी ढ आहे" आणि "मी तिसऱ्या फेरीला चुकलो" या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, ते मुलांच्या आयांना मी वेगळं सांगायला नको.

घरात याचा उपयोग

काही व्यवहाराच्या गोष्टी. यंत्राशीच खेळ चालला असेल तर तो फेऱ्यांचा असल्यामुळे खुशाल थांबतो, तेव्हा "एक मिनिट" ऐकून घेऊ नका. समोर दुसरा मुलगा खेळत असेल तर वेळेची मर्यादा असू शकते, तेवढी झुंज संपू द्या. मित्राशी झुंजताना पिशवीतली औषधं चालत नाहीत. प्राण्याजवळ आधीच एखादं फळ देऊन ठेवावं लागतं. ‘लम’ नावाचं फळ पाचही दुखण्यांवर चालतं. आणि फोनवरच्या ‘पोकेमॉन गो’मध्ये ही पाच दुखणी नाहीत, तिथं हा हिशेब शोधू नका.

आणखी एक डाव सांगते, ‘रेस्ट’. म्हणजे विश्रांती. प्राणी दोन फेऱ्या झोपतो. त्या वेळात मार खावा लागतो, पण प्राणबळ पूर्ण भरतं आणि दुखणंही जातं. मुलं हा डाव बिनदिक्कत वापरतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपण मात्र अंगात कणकण असताना चार घरची पाहुणी वाढतो आणि "काही नाही गं, जरा डोकं जड आहे" म्हणतो. जहाल विषाचं गणित आठवा : पहिल्या फेरीला ते सौम्यच वाटतं. पडद्यावरच्या प्राण्याच्या नावाशेजारी दुखण्याची पट्टी झळकते, तशी आपल्या कपाळावर झळकत नाही. तेव्हा ती तोंडानं सांगायला हवी. ज्या मुलाला लकवा आणि भाजणं यांतला फरक कळतो, त्याला "आज माझा वेग निम्मा आहे, ताटं तू घे" हे नक्की कळेल.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या मूल यंत्र घेऊन बसलं की "काय चाललंय हे?" असं न म्हणता "कुणाला काय झालंय?" असं विचारून पाहा. ते सरकून तुम्हाला शेजारी जागा करून देईल.