जीवनाचे प्रयोजन : इमाम गझाली यांचा अनुभव

मानवी जीवनाचा अर्थ अनेकदा पद व प्रतिष्ठा यांत शोधला जातो. इमाम अबू हामिद अल-गझाली (१०५८–११११) यांना हे दोन्ही लाभले होते. १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात त्यांची अध्यापक म्हणून नियुक्ती झाली. सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकत असत.

१०९५ मध्ये त्यांनी आपल्या अध्यापनामागील हेतू तपासला. त्यात नावलौकिकाची ओढच अधिक असल्याचे त्यांना आढळले. सुमारे सहा महिने ते द्विधा मनःस्थितीत होते. अखेर वाचा बंद झाली, अन्न जाईना. हे दुखणे मनाचे आहे, असे वैद्यांनी सांगितले. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले व ते दमास्कसला गेले. 'अल-मुन्किझ मिन अल-दलाल' या आत्मकथनात त्यांनी हे सारे प्रांजळपणे नोंदविले आहे.

११०६ मध्ये निशापूर येथे ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, नियत बदलली होती. पूर्वी आपण प्रतिष्ठा मिळवून देणारे ज्ञान शिकवीत होतो, आता प्रतिष्ठेचा मोह सोडावयास लावणारे शिकवितो, असा फरक ते स्वतःच सांगतात.

यावरून असे दिसते की, जीवनाचे सार्थक केवळ व्यवसाय बदलल्याने होत नाही. 'मी काय करतो' याबरोबरच 'कशासाठी करतो' हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावयास हवे.