रागाचे पाच गुण
फेसबुकवर २०१६च्या फेब्रुवारीत ‘लाइक’च्या अंगठ्याशेजारी आणखी पाच चिन्हं आली. त्यात एक लालबुंद, रागावलेला चेहरा होता. तुमच्या पडद्यावर कोणती पोस्ट वर येणार, हे अल्गोरिदम गुण देऊन ठरवतो. २०१७पासून साध्या लाइकला एक गुण मिळायचा, तर या नव्या चिन्हांना पाच. चिन्ह निवडायला जास्त कष्ट पडतात, म्हणजे माणूस जास्त गुंतला, असा हिशेब. गुंतलेला माणूस जास्त वेळ थांबतो, तितक्या जाहिराती पाहतो; आणि कंपनीचं जवळपास सगळं उत्पन्न जाहिरातींचं.

गोम अशी, की या हिशेबात आवडलं म्हणून थांबलेला आणि चिडून थांबलेला यांत फरकच नव्हता. एखाद्या पोस्टचा निषेध म्हणून तुम्ही रागाचा चेहरा दाबलात, की तीच पोस्ट आणखी लोकांपुढे जायची. (निषेधाचा इतका उलटा परिणाम क्वचितच होत असेल!) रागाची चिन्हं ज्यांवर जास्त पडतात, त्या पोस्टींमध्ये खोटी आणि विखारी माहिती जास्त असते, हे कंपनीच्याच संशोधकांना २०१९मध्ये दिसलं होतं. कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांमुळे ते २०२१मध्ये जगाला कळलं.

तोवर, २०२०च्या सप्टेंबरात, रागाचं वजन शून्य करण्यात आलं होतं. खोटी माहिती आणि हिंसक दृश्यं कमी दिसू लागली. लोकांचा फेसबुकवरचा वावर मात्र होता तसाच राहिला.