हंगाम अर्ध्यावर, नियम नवा

जुलै 2006, जर्मनीतलं हॉकेनहाइम. रेनो संघाने आपल्या फॉर्म्युला वन गाडीच्या नाकात एक वजन बसवलं होतं आणि ते नियमात बसतं की नाही, हा प्रश्न शर्यतीच्या पंचांपुढे आला. पंचांनी निकाल दिला : बसतं. त्यावर लगेच अपील झालं. अपील करणारा प्रतिस्पर्धी फेरारी संघ नव्हता. ते केलं खुद्द एफआयएने, म्हणजे हा खेळ चालवणाऱ्या जागतिक महासंघाने. आपल्याच शर्यतीच्या पंचांविरुद्ध, आपल्याच अपील न्यायालयात. ऑगस्टमध्ये निकाल लागला आणि ते वजन बेकायदा ठरलं. तेव्हा हंगामाच्या अठरापैकी तेरा शर्यती होऊन गेल्या होत्या.

या वजनाला मास डॅम्पर म्हणतात. फॉर्म्युला वनच्या गाडीला त्या काळी जाडजूड, फुगीर टायर असत. वळणावरच्या उंचवट्यावर चाक चढलं की टायर स्प्रिंगसारखा दबतो आणि उसळतो. ही उसळी सस्पेन्शनला पुरती आवरता येत नाही. रेनोने नाकाच्या पोकळीत नऊ-दहा किलोचं वजन स्प्रिंगवर तोलून धरलं. नाक वर गेलं की वजन मागे रेंगाळायचं, नाक खाली आलं की ते उलट दिशेला. त्यामुळे गाडीची थरथर तिथल्या तिथे जिरायची. तैवानमधल्या तैपेई 101 या इमारतीत वाऱ्याने येणारा डोल शमवण्यासाठी 660 टनांचा गोळा टांगलेला आहे. तत्त्व तेच. टायर रस्त्याला चिकटून राहायचा, गाडीची जमिनीपासूनची उंची स्थिर राहायची आणि गाडीखालून जाणारी हवा बिनबोभाट आपलं काम करायची.

इथेच एफआयएने बोट ठेवलं. वायुगतिकीवर परिणाम करणारा भाग गाडीला घट्ट जखडलेला आणि अचल हवा, असा नियम होता. वजन हलतं, त्याच्यामुळे हवेचा प्रवाह सुधारतो, म्हणून ते ‘हलणारं वायुगतिकीय साधन’ झालं! ज्या वस्तूला बाहेरच्या हवेची झुळूकही लागत नव्हती, तिला हे लेबल लागलं. याच न्यायाने सस्पेन्शनची प्रत्येक स्प्रिंगही बेकायदा ठरवता आली असती. शिवाय रेनोने हे गुपचूप केलेलं नव्हतं. मास डॅम्पर 2005च्या अखेरीपासून गाडीत होता, एफआयएच्या तांत्रिक विभागाला तो माहीत होता, आणि 2006ची गाडी तर तो गृहीत धरूनच आखली होती.

या नियमाचा उगम पाहिला तर गंमत आणखी वाढते. 1968-69मध्ये गाड्यांवर उंच काठ्यांवर पंख बसवायची टूम निघाली. लोटससारखे संघ ते थेट सस्पेन्शनवर उभारत. मे 1969मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले आणि ग्रॅहम हिल व योखेन रिंट एकाच जागी आदळले. रिंट जखमी झाला. पुढची शर्यत मोनॅकोची. तिथे पहिल्या दिवसाचा सराव झाल्यावर अधिकाऱ्यांनी पंखांवर बंदी घातली आणि त्या दिवसाच्या वेळा रद्द केल्या. हंगामाच्या मध्यावरच कशाला, शर्यतीच्या मध्यावर बदललेला नियम म्हणा ना. पण त्याबद्दल आज कोणी तक्रार करत नाही. कारण पंख तुटून माणसं मरू शकत होती. पुढे पंख परत आले ते या अटीवर की ते गाडीच्या मुख्य सांगाड्याला जखडलेले हवेत. जीव वाचवायला आलेली ही अट 37 वर्षांनी नाकातल्या वजनाला लागू झाली.

हे बदल होतात कसे, तेही पाहू. तांत्रिक नियमावली बदलायची तर संघांची संमती, समित्या, मतदान असं सगळं लागतं, आणि चालू हंगामात तर जवळजवळ एकमत. त्यातून सूट फक्त सुरक्षेच्या कारणाला. पण एक आडवाट आहे : ‘टेक्निकल डायरेक्टिव्ह’. आपल्याकडे कायदा विधिमंडळ करतं आणि कचेरी मात्र परिपत्रकावर चालते, तसंच हे. नियमाचा शब्द हलत नाही, महासंघ फक्त कळवतो की यापुढे आम्ही त्याचा अर्थ असा लावू. कागदोपत्री हा केवळ अभिप्राय असतो, पंचांवर बंधनकारक नसतो. हॉकेनहाइमच्या पंचांनी म्हणूनच वेगळा निकाल दिला. पण अभिप्राय झुगारून शर्यत जिंकायची आणि पुढे गुण गमवायचे, ही जोखीम कोण घेणार? पंचांनी हिरवा कंदील दाखवूनही रेनो त्या शर्यतीत मास डॅम्परविना उतरली.

मोजमापाची पद्धत बदलूनही तोच परिणाम साधता येतो. ऑगस्ट 2003मध्ये हंगेरीच्या शर्यतीनंतर मायकेल शूमाकर 72, हुआन पाब्लो मोंतोया 71 आणि किमी रायकोनेन 70 गुणांवर होते. तीन शर्यती उरल्या होत्या. शूमाकरच्या फेरारीला ब्रिजस्टोनचे टायर, बाकी दोघांना मिशेलिनचे. पुढच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा 270 मिलिमीटरपेक्षा रुंद नको, असा नियम होता आणि मोजणी नव्या टायरची होत असे. आता एफआयएने कळवलं की शर्यतीनंतर, झिजलेल्या टायरचीही मोजणी होईल. मिशेलिनला मोन्झाच्या शर्यतीआधी घाईघाईने नवे टायर बनवावे लागले. मोन्झाला शूमाकर जिंकला, मोंतोया दुसरा आला. हंगामाअखेर शूमाकर 93, रायकोनेन 91.

जुनेच टायर राहिले असते तर निकाल फिरला असता का? ते सिद्ध करता येत नाही. पण शूमाकरचं ते सहावं विजेतेपद होतं, फांजिओचा पाच विजेतेपदांचा विक्रम मोडणारं. अशा पराक्रमाशेजारी ही शंका कायमची उभी राहिली, तीही त्याचा स्वतःचा काही दोष नसताना.

सुरक्षेचं कारण अगदी खरं असलं तरी कोणाच्या तरी ताटातलं जातंच. 2013मध्ये पिरेलीचे टायर लवकर झिजत. रेड बुलला ते नको होते. टायर जपून चालणाऱ्या लोटस आणि फोर्स इंडियाला ते हवे होते, म्हणून त्यांनी बदलाला विरोध केला. मग 30 जूनला सिल्व्हरस्टोनला पुढे असलेल्या लुइस हॅमिल्टनचा डावा मागचा टायर भर वेगात फाटला. पाठोपाठ मासा, व्हेर्न्य आणि पेरेझचेही फाटले. टायरची पट्टी मागच्या गाडीच्या चालकाच्या हेल्मेटवर आदळली असती तर? चर्चेला जागाच उरली नाही. संघ टायर उलटसुलट बाजूंना लावतात, हवा कमी ठेवतात, असं पिरेलीने सांगितलं. त्यात तथ्यही होतं. तरीही हंगेरीपासून 2012च्या बांधणीचे टायर आले.

त्यानंतर ऑगस्टअखेरच्या बेल्जियमपासून रेड बुलचा सेबास्टियन फेटेल सलग नऊ शर्यती जिंकला. तिरंगी रंगाच्या फोर्स इंडियाने पहिल्या आठ शर्यतींत 59 गुण मिळवले होते, उरलेल्या अकरांत त्यांना मिळाले 18. मॅक्लॅरेन मागून येऊन त्यांच्या पुढे निघून गेली. 27 ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फेटेलने चौथं विजेतेपद पटकावलं, तेव्हा फोर्स इंडियाच्या गाड्या घरच्या प्रेक्षकांसमोर आठव्या आणि नवव्या आल्या. आपल्याकडे त्या दिवशी चर्चा फेटेलने गाडीपुढे घातलेल्या दंडवताची झाली. टायरचं कोणाच्या लक्षात नव्हतं.

घाईचा बदल उलटूही शकतो. 1994मध्ये इमोलाच्या शर्यतीच्या वेळी रात्झेनबर्गर आणि सेना हे चालक अपघातांत मरण पावले. त्यानंतर एफआयएने काही आठवड्यांत गाडीचा मागचा भाग छाटायला लावला. सिल्व्हरस्टोनच्या चाचणीत पेद्रो लामीच्या लोटसचा मागचा पंख निखळला आणि त्याचे दोन्ही पाय जायबंदी झाले. बार्सिलोनाला काही संघांनी शुक्रवारी सराव करायलाच नकार दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बदल करा, पण तपासायला वेळ द्या.

या बदलांमागे नेहमी पुढे असलेल्या संघाला ओढण्याचा डाव असतो, असं चाहते म्हणतात. असेलही. पण तो डाव फसतो फार वेळा. 2006मध्ये रेनोच्या फर्नांडो अलोन्सोची 25 गुणांची आघाडी वितळून चीनच्या शर्यतीनंतर तो आणि शूमाकर 116 गुणांवर बरोबरीत आले. पण जपानमध्ये शूमाकरचं इंजिन गेलं आणि अलोन्सोच विजेता झाला. 2020मध्ये मर्सिडीजचा पात्रता फेरीतला जास्त ताकदीचा ‘पार्टी मोड’ मोन्झापासून बंद झाला. त्याच मोन्झाला मर्सिडीजच्याच हॅमिल्टनने ताशी 264 किलोमीटरच्या सरासरीने तोवरची सर्वांत वेगवान फेरी मारून पोल घेतला.

माझ्या लेखी 2025चा प्रकार त्यातल्या त्यात सरळ होता. वेगात वाकणाऱ्या पुढच्या पंखांची चाचणी कडक करायची होती. 100 किलोच्या भाराखाली 15ऐवजी 10 मिलिमीटर एवढीच वाक चालेल, आणि तीही 1 जूनच्या स्पेनच्या शर्यतीपासून, हे जानेवारीतच सगळ्यांना कळवलं गेलं. स्पेनला मॅक्लॅरेनच्याच गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या. हॅमिल्टन वैतागून म्हणाला की नुसता पैसा वाया गेला. खर्चाबद्दल तो बरोबर असेल. पण हंगामाआधी तारीख ठाऊक असल्याने फसवणूक कोणाचीच झाली नाही. जिवाला धोका असेल तर नियम दुसऱ्या दिवशी बदलावा. बाकी सगळ्याला एवढी पूर्वसूचना हवीच. ती न देता रेनोकडून काढून घेतलेला मास डॅम्पर हा अन्यायच होता, अलोन्सो जिंकला असला तरी.