पॅराशूट उघडलंच नाही तर?

स्कायडायव्हिंगचा विषय काढला की सोलापुरातले मित्र पहिला प्रश्न हाच विचारतात. म्हणून नव्यानं शिकताना कळलेलं इथे मांडतोय. 🪂

🔹 पाठीवर दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. राखीवची घडी प्रशिक्षित रिगरच घालतो.

🔹 मुख्य पॅराशूट गुंतलं, तर उजवं हँडल ओढून ते सोडायचं आणि डावं ओढून राखीव उघडायचं. 'आरएसएल' हा पट्टा जोडलेला असेल, तर मुख्य सुटताच राखीव आपोआप उघडतं.

🔹 माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचं भान सुटलं, तर राखीव आपोआप उघडणारं यंत्र, 'एएडी', कामाला येतं. 1991 मध्ये आलेलं जर्मन 'सायप्रेस' हे त्यातलं प्रसिद्ध यंत्र. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग ओळखतं. अनुभवी उडीवाल्यांसाठीचं मॉडेल सुमारे 750 फुटांवरही वेग ताशी 125 किलोमीटरच्या वर असेल, तर राखीव बंद ठेवणारा दोरा कापून ते उघडतं.

ही उंची जमिनीपासूनची असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. म्हणून यंत्र जमिनीवर सुरू करून तिथल्या दाबाला शून्य उंची धरलं जातं.

पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर पहिलीच उडी घेतली. त्यांच्यामुळे कितीतरी मराठी मुलांना आकाश जवळचं वाटू लागलं.

तुम्हीही पहिली टँडम, म्हणजे प्रशिक्षकाला जोडून घ्यायची उडी घेणार असाल, तर प्रशिक्षकाला विचारा: एएडी सुरू आहे का? राखीवची घडी कधी घातली? विचारायला संकोच नको. तरी यंत्र हा शेवटचा आधार. स्वतः शिकाल तेव्हा वेळेवर हँडल ओढायची सवयच आधी लावा.