अर्धशिशी : कारणे, संशोधन व औषधोपचार

डोके कधीच दुखले नाही असा माणूस विरळाच. म्हणूनच की काय, डोकेदुखीला आपण आजार मानीत नाही. पोशेरा, मोखाडा, जव्हार या आपल्या भागात आवणीच्या दिवसांत किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर कपाळाला फडके घट्ट आवळून राबणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिला विश्रांती मिळत नाही. उलट 'कामाचा कंटाळा आला असेल' असे बोल ऐकावे लागतात. मग किराणा दुकानातून एक गोळी येते आणि काम पुढे चालू राहते. ही बाई कामचुकार नसते. ती बहुधा अर्धशिशीने आजारी असते. मी डॉक्टर नाही, बँकेतला एक कारकून आहे. परंतु या आजाराचा जुना रुग्ण असल्याने वाचून व तज्ज्ञांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहे.

अर्धशिशी कशी ओळखावी?

आयुर्वेदात या विकारास 'अर्धावभेदक' म्हटले आहे. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते; मात्र काहींची दोन्ही बाजू दुखतात. मळमळते, उलटी होते, उजेड व आवाज सहन होत नाही, चालले-वाकले की ठणका वाढतो. औषध न घेतल्यास हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. काही रुग्णांना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. असे काही दिसले की ते बाहेरची बाधा समजून घाबरण्याचे कारण नाही. तो मेंदूतील एका प्रक्रियेचा परिणाम असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील पाहणीत साधारण चार प्रौढांमागे एकास अर्धशिशी आढळली. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो.

कारणांचा शोध

१९३८ साली अमेरिकेत ग्रॅहॅम व वुल्फ यांनी दाखविले की, एर्गोटामाइन हे औषध दिल्यावर डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे स्पंदन मंदावते व दुखणेही उतरते. रक्तवाहिन्या फुगल्याने डोके दुखते, हे मत त्यामुळे अनेक वर्षे रूढ होते. पुढे १९४१ साली लॅशली या शास्त्रज्ञाने स्वतःच्याच डोळ्यांपुढील रेषा कशा पसरतात हे मोजले व मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असावे असा अंदाज बांधला. १९४४ साली ब्राझीलच्या लिआँव यांना सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगाने सरकणारी लाट आढळली. म्हणजे या आजाराचे मूळ केवळ रक्तवाहिन्यांत नसून मेंदू व मज्जातंतूंत आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले.

१९९० साली गोड्सबी व एडविन्सन यांनी झटक्याच्या वेळी 'सीजीआरपी' नावाचे द्रव्य रक्तात वाढते हे दाखविले. चेहरा व मेंदूच्या आवरणाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतून ते पाझरते आणि वेदना वाढविते. या संशोधनाबद्दल त्यांच्यासह मॉस्कोविट्झ व ओलेसेन यांना २०२१ साली मानाचे 'ब्रेन प्राइझ' मिळाले.

मूळ प्रवृत्ती बहुधा आनुवंशिक असते. तिला चाळवणारी निमित्ते मात्र रोजच्या जगण्यात असतात : उपाशी राहणे, ऊन, अपुरी झोप, मनावरील ताण, मासिक पाळी. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली डोक्यावरून न्हाल्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. आपल्या आयाबहिणी हे पूर्वीपासून सांगत होत्याच!

औषधे दोन प्रकारची

पहिला प्रकार झटका थांबविणाऱ्या औषधांचा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही साधी औषधे दुखणे सुरू होताच घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. १९९१ साली सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीसाठी तयार केलेले औषध बाजारात आले. मात्र हृदयविकार असणाऱ्यांना ते, तसेच एर्गोटामाइन, देत नाहीत.

दुसरा प्रकार झटके येऊच नयेत म्हणून काही महिने रोज घेण्याच्या औषधांचा. प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यांपैकी काही. दमेकऱ्यास प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. टोपिरामेट गर्भास अपायकारक ठरू शकते. म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. सीजीआरपीला रोखणारे पहिले इंजेक्शन, एरेनुमॅब, २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले. पण अशी इंजेक्शने महाग असल्याने आपल्यासारख्यांना साध्या औषधांचाच आधार आहे, आणि पुष्कळांना तो पुरतो.

गोळीचा सापळा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळी, ट्रिप्टान किंवा एर्गोटामाइन दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्या गोळीमुळेच डोकेदुखी जडते. मी हे भोगले आहे. महिन्यातून दोनदा उठणारे माझे डोके रोज दुखू लागले. टेबलाच्या खणात गोळ्यांची पट्टी कायम असे. डॉक्टरांनी ती बंद केली तेव्हा पहिले काही दिवस फार कठीण गेले. त्यानंतर मात्र आराम पडत गेला.

तेव्हा एक साधी वही करावी. डोके कोणत्या दिवशी दुखले, त्याआधी काय घडले, किती गोळ्या घेतल्या, एवढेच लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी घरातील विद्यार्थ्यांनी लिहावे. ती वही घेऊन मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावी. सुंठेचा लेप लावण्यास हरकत नाही, पण कपाळावर बिब्बा घालू नये. त्याने कातडी भाजते.

एकाएकी असह्य डोकेदुखी सुरू झाली, तिच्यासोबत ताप येऊन मान ताठली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागले किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे आले, तर घरी न थांबता तात्काळ रुग्णालय गाठावे.

वेळेवर घास, पुरेशी झोप आणि उन्हात डोक्यावर फडके, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. त्याहूनही बिनखर्चाचा उपाय म्हणजे घरातील बाई 'डोके उठले' म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवणे आणि तिला अंधाऱ्या खोलीत घटकाभर पडू देणे. एवढे जरी प्रत्येक घरात झाले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.