रक्तशुद्धी कोणाची?

रक्तशुद्धी हा शब्द या देशात फार बदनाम आहे. रक्त शुद्ध राखण्याच्या नावाखाली येथे रोटीबेटीचे व्यवहार तोडले गेले आणि माणसाला माणसाची सावली वर्ज्य झाली. आज आम्ही ज्या रक्तशुद्धीविषयी लिहीत आहोत ती ही नव्हे. वर्तमानपत्रांतून ज्यांच्या जाहिराती येतात ते रक्तशुद्धीचे काढे आणि चूर्णेही नव्हेत. ही अतिदक्षता विभागात यंत्राने करावयाची रक्तशुद्धी आहे. ती ज्या तापात कामी येऊ शकते तो ताप गुरे राखणाऱ्यांचा, खाटीकखान्यात राबणाऱ्यांचा आणि रानात सरपण गोळा करणाऱ्यांचा आहे. म्हणून तिचा विचार आमच्या वाचकांनी करावा असे आम्हाला वाटते.

गोचीड चावल्याने होणारे दोन रक्तस्रावी ताप आपल्या दारापर्यंत आलेले आहेत. पहिला काँगो ताप. 1944 साली क्रायमियात आणि 1956 साली काँगोत सापडलेला हा विषाणू भारतात जानेवारी 2011 मध्ये उघड झाला. गुजरातेत साणंदजवळच्या एका गावातील बाई अहमदाबादच्या दवाखान्यात दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने निदान केले तेव्हा कुठे काय झाले ते कळले. सप्टेंबर 2020 मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाला याच तापाबद्दल सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. गुरे, शेळ्या, मेंढ्या यांच्या अंगावरचा गोचीड माणसाला चावला, किंवा कापलेल्या जनावराचे ताजे रक्त हाताला लागले, तरी हा ताप होतो. शंभरातील दहा ते चाळीस रोगी यात दगावतात. जनावराला मात्र काहीच होत नाही. ते दिसायला धडधाकट असते आणि म्हणून माणूस बेसावध राहतो.

दुसरा माकडताप. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने पडली. पुण्याच्या संस्थेने विषाणू शोधला आणि जंगलाचे नाव रोगाला दिले. अनेक दशके हा कर्नाटकातील मोजक्या तालुक्यांचा रोग मानला गेला. 2015 साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात दिसला. काजूचा हंगाम आणि माणसाला चावणाऱ्या बारीक गोचिडांचा हंगाम एकच आहे. पालापाचोळ्यात वाकून काजू वेचणाऱ्या बायामाणसांना तो गाठतो. यात शंभरात तीन ते पाच रोगी मरतात. कर्नाटकात 1990 पासून यावर लस दिली जात होती. तिचा परिणाम घटत गेला आणि शेवटी ती 2022 मध्ये बंद झाली. साठ वर्षे माहीत असलेल्या रोगावर आज खात्रीचे औषध नाही आणि जुनी लसही नाही. हा रोग शहरातील गच्चीवर होत असता तर असे झाले असते काय, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

आता यंत्राकडे वळू. या तापात विषाणू जेवढे नुकसान करतो त्याहून अधिक नुकसान पुष्कळदा शरीराचा स्वतःचा भडका करतो. रोगाशी लढण्यासाठी शरीर जी रसायने सोडते त्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या गळू लागतात, प्लेटलेट्स कोसळतात, हिरड्यांतून, नाकातून, पोटात रक्त वाहते, यकृत आणि मूत्रपिंड थकतात. अशा वेळी मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त बाहेर काढतात. यंत्र त्यातील पेशी आणि पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करते. दूषित प्लाझ्मा टाकून देतात आणि पेशींबरोबर निरोगी दात्यांचा प्लाझ्मा परत देतात. मूत्रपिंड बंद पडले असेल तर चोवीस तास संथ चालणारे डायलिसिस लावतात. काही ठिकाणी रक्त शोषक कणांच्या नळकांड्यातून फिरवून ती रसायने धरून ठेवण्याचा प्रयत्न होतो. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे अडीच लिटर प्लाझ्मा असतो. म्हणजे एका खेपेला दोनशे मिलिलिटरच्या बारा-तेरा पिशव्या लागतात, आणि एका खेपेने भागेलच असे नाही. ज्या रक्तपेढीत रक्ताचे घटक वेगळे होत नाहीत तेथे यंत्र असूनही उपयोग नाही.

याचा गुण किती, हेही सरळ सांगितले पाहिजे. तुर्कस्तानात 2002 पासून काँगो तापाच्या साथी येत आहेत. तेथील डॉक्टरांनी अत्यवस्थ रोग्यांवर प्लाझ्मा बदलण्याचा उपाय केला आणि काही रोगी वाचल्याचे नोंदवले. चीनमध्ये 2009 साली प्रथम दिसलेला आणि पुढे जपान-कोरियात सापडलेला असाच एक गोचीडताप आहे, ज्यात बहुतेक वृद्ध शेतकरी बळी पडतात. कोरियातील नोंदी पाहता पहिल्या आठवड्यात प्लाझ्मा बदलला तर लाभ दिसतो. परंतु रोग्यांचे दोन गट पाडून काटेकोर तुलना करणारी मोठी चाचणी झालेली नाही. यंत्र विषाणूला मारत नाही. ते शरीराला सावरायला वेळ देते, एवढेच. ज्याचे रक्त आधीच थांबत नाही त्याच्या शिरेत नळी घालणे हाही धोकाच आहे. ही संजीवनी आहे असे सांगणारा भोंदू समजावा. आणि पुरावा पुरा नाही म्हणून गरिबाला हा उपाय नको, पण पैसेवाल्यावर करून पाहू, असे म्हणणारा त्याहून वाईट समजावा.

खरी मेख त्या 'पहिल्या आठवड्यात' आहे. मजुराचा पहिला आठवडा कसा जातो? दोन दिवस अंगावर काढण्यात, एक दिवस गावच्या डॉक्टरच्या इंजेक्शनात, पुढे मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत, आणि मग नमुना पुण्याला जातो. दोडामार्गच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे बांबोळी, तोही दुसऱ्या राज्यात. जानेवारी 2018 मध्ये गोव्याने परराज्यातील रोग्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्गची जनता रस्त्यावर उतरली होती, ती उगाच नव्हे. प्रत्येक तालुक्यात प्लाझ्मा बदलण्याचे यंत्र ठेवा अशी आमची मागणी नाही, ती शहाणपणाचीही नाही. लवकर निदान, जिल्ह्यात घटक वेगळे करणारी रक्तपेढी आणि रोगी हलविण्याची ठरलेली व्यवस्था, ही मागणी मात्र पूर्णपणे वाजवी आहे.

कायदा येथे मुका नाही. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवले होते. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले की तातडीचा उपचार नाकारणे हा कलम 21 चा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. तातडीच्या रोग्याकडे अनामत रक्कम मागायची नाही. सुसज्ज अतिदक्षता विभाग बहुधा अशाच रुग्णालयांत असतात. किती नातेवाईक हे सांगून खाट मागतात?

त्याहून दुर्लक्षित कायदा नुकसानभरपाईचा. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची होती. जनावरे, जनावरांची प्रेते किंवा त्यांचे भाग हाताळण्याचे काम तेथे स्पष्ट लिहिलेले होते. अशा कामात हा रोग जडला तर तो कामावरील अपघात धरला जातो. खाटीकखाना, चामड्याचा धंदा, गुरांची वाहतूक येथे राबणाऱ्यांत आमचीच माणसे अधिक आहेत. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले ते मानवी प्रतिष्ठेसाठी. 2015 च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला मृत जनावर ओढायला किंवा वाहायला लावणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हाही ठरला. तरीही रानात माकड मरून पडले की ते उचलायला गावात कोणाला हाक जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड उपाशी होऊन आजूबाजूला पसरतात. त्याला हात न लावता आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्याला कळवायचे असते आणि ती माणसे पूर्ण झाकलेल्या पोशाखात येतात.

आमच्याकडे भरपाईसाठी येणाऱ्या पक्षकारांचे कागद पाहिले की त्यांवर बहुतेकदा 'ताप' एवढाच शब्द असतो. दावा तेथेच पांगळा होतो. तेव्हा रोग्याला दाखल करतानाच तो कोणाच्या मजुरीवर होता, काम काय होते, गोचीड कधी चावला किंवा जनावराचे रक्त कधी लागले, हे केसपेपरवर लिहून घ्यावे आणि पुण्याहून आलेल्या अहवालाची प्रत मागून जपून ठेवावी.