नवं औषध आलं म्हणजे?

पार्किन्सनवर औषध सापडल्याची बातमी धारच्या काकांनी देवासच्या आत्याला पाठवली. तिनं मला विचारलं, "मागवू का गं?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

निलोटिनिब हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गाळणीसारख्या असतात. पार्किन्सनमध्ये ही गाळणी बिघडते. निलोटिनिबनं ती सुधारत असावी, असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी मांडलं. पण आदल्याच वर्षी छापून आलेल्या, ७६ रुग्णांवरच्या एका वेगळ्या चाचणीत हे औषध मेंदूपर्यंत फारच थोडं पोचलं आणि लक्षणं काही कमी झाली नाहीत. वर त्यानं हृदयाचे ठोके बिघडू शकतात, रक्तवाहिन्या तुंबूही शकतात.

नव्या औषधाचं मोल देवासला ठाऊक आहे. १९४८ मध्ये क्षयानं आजारी कुमार गंधर्व इथे आले, स्ट्रेप्टोमायसिननं बरे झाले, पुन्हा गायले. पण ते औषध आधी ब्रिटनमध्ये १०७ रुग्णांवर तपासलं होतं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना न देता. म्हणून तर गुण औषधाचा की विश्रांतीचा, ते कळलं.

आत्या, आशा ठेवायचीच. पण चालू गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि नवी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागवायची नाही.